निळ्या दोऱ्याचा खिसा

कोट खुंटीवरून काढला आणि तिची बोटं आपसूक आतल्या खिशाकडे गेली. खिसा उजवीकडे होता. शिलाई निळ्या दोऱ्याची.

नवरा डावखुरा, म्हणून तिनेच तो उजवीकडे लावला होता. काळा दोरा संपला म्हणून निळा. हाच कोट घालून तो मालवाहू जहाजावर गेला, त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

"हा कुणी आणला?"

"ते आम्ही विचारत नाही," पक्षाच्या चिटणीसबाई म्हणाल्या.

ख्रिस्ती श्रमिक पक्षाची रीतच तशी. गिरण्या कामगारांच्या मालकीच्या करणार, पण ते निवडून आल्यावर. तोवर ज्याच्याकडे दोन कोट, त्याने एक कचेरीतल्या खुंटीला लावायचा, गरजूने न्यायचा. देणाऱ्याची चौकशी सक्त मना. ती सासूबाईंसाठी काही उबदार मिळतं का बघायला आली होती, तेही चोरून. सासूबाईंना पक्षाचं नावही खपत नसे. "देवाला मतपेटीत कोंबलंय मेल्यांनी!" म्हणायच्या.

म्हणजे तो परत आला! मग घरी का नाही? दुसरा संसार थाटला की काय? हसावं की चिडावं, तिला कळेना. पण माणूस जिवंत होता, या विचारानेच तिला भरून आलं.

तिने कचेरीतले फाटके कोट दुरुस्त करायचं काम मागून घेतलं. दारावर नजर ठेवायला याहून चांगलं निमित्त कुठलं? घरी थाप मारली, शिंप्याकडे जादा काम निघालंय.

सासूबाईंनी खोदून विचारलं नाही. त्या नेहमीप्रमाणे जहाज कंपनीत चौकशीला जाऊन आल्या. तिथे त्या एकट्याच जात, सुनेला कधी नेत नसत. "काही कळलं नाही. येईल तो," म्हणाल्या आणि तिच्या ताटात आणखी वाढलं.

एका दुपारी ती टांगलेल्या कोटांच्या आड बसून अस्तर उसवत होती. दार वाजलं. कुणीतरी टेबलावर बूट ठेवले; कोटांच्या फटीतून तिला तेवढेच दिसले. डाव्या टाचेला पत्र्याची पट्टी. त्याचेच! सुई टाकून ती उठली.

"इथे नाव विचारत नाहीत ना?" पलीकडून दबका आवाज आला.

"नाही विचारत."

"मग हेही ठेवून घ्या, बाई. मुलगा बुडाला तेव्हा कंपनीने कोटाबरोबर पाठवले होते. जाळायला हात धजत नाही, आणि घरी ठेवले तर सुनेला सापडतील. तिला मी रोज सांगते, येईल तो."