कानात सांगितलेलं नाव

प्रशासकांचं भाकितयंत्र आजवर एकदाही चुकलं नव्हतं. या वेळी त्यानं सांगितलं होतं की, चंद्रावरच्या सातव्या घुमटात या महिन्यात जन्मलेली उल्का नावाची मुलगी मोठेपणी त्यांची सत्ता उलथून टाकील. म्हणून त्यांनी पाठवलेली मालन लस टोचणारी बाई बनून घरोघर फिरत, बाळांची नावं विचारत होती. पिशवीतल्या एका सुईत विष होतं. उल्का अजून सापडली नव्हती. आता हे एकच घर उरलं होतं.

"बसा ताई, बारसं उरकलं की टोचा," बाळाची आई हेमांगी म्हणाली. मग जरा चाचरत तिनं विचारलं, "हिच्या बाबांना बहीण नाही. तुम्ही आत्या होता का? नावही तुम्हीच ठेवा, आत्याचाच मान तो."

मालन गडबडली. दुसरं कुठलंही नाव ठेवलं तर पोर वाचणार होती. पण मग श्वासालाही परवाना लावणारी ती सत्ताही वाचणार होती.

ती पाळण्यावर वाकली. बाळानं तिचं बोट घट्ट धरलं. मागून बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. त्या गलक्यात मालननं बाळाच्या कानाशी ओठ नेले.

"कुर्र… उल्का."

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "मृदुला."

"छान आहे," हेमांगी म्हणाली. "आता लस टोचता ना?"

"नको तिला लस," मालन म्हणाली. बोट सोडवून घ्यायची तिला मुळीच घाई नव्हती.