बेटावरची चुकामूक

सखूबाई दगडावर नव्हती.

थोड्या वेळापूर्वी मल्हारीनं तिला तिथंच बसवलं होतं, मोडक्या खांबाच्या सावलीत. परतीची बोट चारची होती आणि धक्क्याकडची वाट सापडत नव्हती. चौकातल्या पाटीवरची पहिली दोन अक्षरं त्याला इंग्रजी वाटली.

"पी, ओ. पोर्ट. म्हंजे बंदर," तो म्हणाला होता.

"अवो, समुद्र खाली हाय. ही वाट तर वर चालली."

"अक्षरातलं तुला काय कळतंय? बस इथं गुमान. मी बघून येतो."

"जावा, सायेब, जावा," ती हसून म्हणाली होती.

वाट एका घड्याळाच्या मनोऱ्यापाशी संपली; पाटीवर ग्रीक भाषेत 'घड्याळ' लिहिलेलं होतं, बंदर नव्हे. तिथून तो परतला, तर दगड रिकामा.

मल्हारी मेंढरांमागं वाढलेला. लेक बजाजनगरात कारखान्यात कामाला लागला, तेव्हा साठाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात बसून तो अक्षरं शिकला. शहागंजाच्या बाजारातून जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायचा. सखूबाई शेजारी उभी राहून पाट्यांकडं बघत ऐकायची. आता लेक रामकिसन कंपनीच्या कामानं ग्रीसला होता. त्यानंच दोघांना बोलावलं आणि आज सकाळी हे जुनं गाव बघायला बोटीत बसवून दिलं. संध्याकाळी पलीकडच्या धक्क्यावर तो वाट बघणार होता. मोबाईल तेव्हा कुणाकडं नव्हते.

मल्हारी बिनछपराच्या घरांतून धावत सुटला. दोन हजार वर्षांची घरं, पण उंबरे आपल्यासारखेच. एका अंगणात दगडी जातं पडलं होतं. इथं ती नक्की थांबली असणार, म्हणून त्यानं हाक मारली. जात्यापाशी नुसतं गवत. खांब तर सगळीकडं सारखेच.

बाईला भाषा येत नाही, अक्षर येत नाही. कुणी विचारलं, कुणाची कोण, तर नवऱ्याचं नावही घ्यायची नाही. चाळीस वर्षांत तिनं ते तोंडातून काढलं नव्हतं. जत्रेत सगळे मल्हारी मार्तंडाचा जयघोष करायचे, तेव्हा ही नुसता भंडारा उधळायची. त्याचा त्याला केवढा अभिमान! आज त्याच अभिमानानं काळीज कातरत होतं.

उतारावर एक शेळीवाला भेटला. मल्हारीनं कपाळावर बोट टेकवून कुंकू दाखवलं, हातानं लुगड्याचा काष्टा दाखवला. तो हसला आणि थेट समुद्राकडं बोट केलं.

 मल्हारी तसाच खाली पळाला.

धक्क्यावर भोंगा वाजत होता. बोटीच्या शिडीपाशी तिकीटवाली बाई डोक्यावर खोक्याचा पुठ्ठा धरून उभी होती. त्यावरच्या अक्षरांना वरून रेघ होती. अख्ख्या बेटावर तेवढीच. कुणीतरी आपल्याकडचं भेटलं तिला, शिकलेलं, म्हणून मल्हारीच्या जिवात जीव आला.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. आपल्याकडचं कुणीच नव्हतं. पुठ्ठ्याशेजारी एकटी सखूबाई पेनाला टोपण लावत होती.

तो जवळ गेला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागला.

'हरवले आहेत. नाव मल्हारी. लाल पागोटं. वाचता येतं.'