बाणाचं तोंड

बुडालेल्या होडीचं इंजिन आमच्या गॅरेजात टाकत होडीवाल्याचा भाऊ म्हणाला, "तुम्हीच दुरुस्त केलंत ना? भर पाण्यात बंद पडलं, माझा भाऊ गेला." बाबा वाकून बघत म्हणाले, "हे हिरवंय. आमचं नाही. आम्ही निळाच रंग मारतो." इंजिन निळंशार होतं. माझं डोकं सटकलं. "बाबा, धडधडीत खोटं कशाला बोलता?" "खोटं कुठंय, पोरी? नीट बघ की." त्यांना खरंच हिरवं दिसत होतं. त्यांची नजर अधू झाली होती, तरी इंजिनं तेच जोडत होते. मी इंजिनाचं हेड, वरचं झाकण, उघडलं. पिस्टनवर कोरलेल्या बाणाचं तोंड इंजिनाच्या पुढच्या बाजूला हवं; इथे ते मागे होतं. उलटा बसलेला पिस्टन वॉल्व्हवर आदळून तडकला होता. "तोंड कुठंय गं?" बाबांनी विचारलं. "पुढे," मी म्हणाले. बाबांनी अंगठ्याने बाण चाचपला. मग त्या माणसाकडे वळले. "मागे आहे, भाऊ. मीच बसवला."