न वाळलेला निळा

"आभाळ आधी घे, पोरी. मग डोंगर आपणहून उभा राहतो." गुरुजींचा तो आवाज किनुएच्या कानात अजून घुमत होता.

गुरुजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. आज सार्वजनिक न्हाणीघराला सुट्टी, म्हणून रिकाम्या हौदावर फळ्या टाकून ती भिंतीपुढे उभी होती. जुनं चित्र खरवडायचं नाही, त्याच्यावरच नवं काढायचं, हा या धंद्याचा रिवाज. पण हे चित्र गुरुजींच्या हातचं होतं. फुजी पर्वताच्या माथ्यावरचा तो निळा तिने वर्षानुवर्षं घोटला, तरी तिच्या डब्यात तो कधी उतरला नव्हता.

"रोलर धरून जप करतेस की काय?" मालकीण हात्सुबाई खालून म्हणाल्या. "फासून टाक एकदाचा."

"हात धजत नाही, बाई. त्यांची शेवटची खूण आहे ही."

निरोप घ्यावा तसं तिने त्या आभाळावरून बोट फिरवलं.

बोट निळं झालं.

किनुए बोटाकडे बघतच राहिली. "बाई, हे त्यांनी कधी रंगवलं?"

हात्सुबाईंनी हातातला फडका पिळला. कोरडाच होता, तरी पुन्हा पिळला.

"तुला सांगणार नव्हते," त्या हळूच म्हणाल्या. "गुरुजी गेले, तेव्हा ही भिंत नुसती पांढरी होती. तेव्हापासून कुणीही तिला हात लावलेला नाही."