तिवाट्यावरचा भात

बिरूने काठी उगारली तेव्हा त्या बाईच्या तोंडात घास होता. तिने तो गिळला नाही, थुंकलाही नाही. उकिडवी बसली होती तशीच राहिली. पुढ्यात पळसाच्या पानावर दहीभात, आणि पाठीला झोळीत बांधलेलं तान्हं पोर.

तो भात बिरूच्या लेकीवरून ओवाळून ठेवलेला होता. हौसाला ताप येऊन आठवडा होऊन गेला होता. रोज तिन्हीसांजेला गावातली म्हातारी गवराबाई यायची, दहीभातावर कुंकू टाकायची, पोरीवरून उतरवायची आणि आकुर्डीच्या शिवेवर, तीन वाटा मिळतात तिथे पान ठेवून यायची. सकाळी पान रिकामं. गाव म्हणायचं, चला, जे काय होतं त्यानं घेतलं. घेतलं तर खरं, पण ताप काही हलेना. बिरूची बायको कुशाबाई, तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आज ती नवऱ्याला घेऊन आधीच बाभळीआड जाऊन बसली होती.

असं करायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. गवराबाईने गावाला नियमच घालून दिला होता, पान ठेवायचं आणि मागे न बघता घर गाठायचं. मागं बघितलं तर ते पाठीला लागतं, असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिचा चेहरा असा काही व्हायचा की चांगले दांडगे गडीसुद्धा मान खाली घालून चालू लागायचे. म्हातारीला सगळे टरकून होते. ती मूळची कुठली, कुणाची, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. लहानपणी मोठ्या दुष्काळात एकटीच चालत आली, एवढंच. तिची एक खोड मात्र सगळ्यांना ठाऊक होती. दहीभात ती तोंडाला लावायची नाही, लग्नाच्या पंगतीतही नाही. विचारलं तर म्हणायची, पचत न्हाई.

"माझ्या पोरीच्या जिवावर उठलीस व्हय गं," कुशाबाई त्या बाईला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. रडून रडून तो उरलाच नव्हता.

पिंपरीला नव्या कारखान्याचा पाया खणायला मोगलाईतून, म्हणजे मराठवाड्याकडून, माणसं आली होती, त्यांच्यातली ती. घास गालात सारून ती बोलली.

"नवऱ्याच्या पायावर धोंडा पडला, बाई. काम सुटलं. अंगावरचं दूध आटाया लागलं. हे आजारी लेकराचं असतंय, मला ठावं हाय. म्या रोज हात जोडून म्हणते, त्येची पीडा असंल ती माझ्यावर येऊ दे, त्येला सोड."

बिरूची काठी वरच होती. बाप होता तो. घरी पोरगी तापाने फणफणत होती आणि तिला वाचवायचा एवढा एकच उपाय त्याला माहीत होता. तो उपाय ही बाई रोज खाऊन जात होती.

पान ठेवून परत निघालेली गवराबाई आवाज ऐकून थांबली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्या वाटेवर मागे वळली.

"काकी, धरली बघा," बिरू म्हणाला. "सांगा काय करायचं हिचं."

गवराबाईने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती पानाकडे बघत होती. बाईने पांढरा भात तेवढा खाल्ला होता. कुंकू लागलेली शितं वेचून वेचून कडेला ठेवली होती. म्हातारी बघतच राहिली. तिथे आणखी कुणी बसलंय आणि ते हिला एकटीलाच दिसतंय, असं कुशाबाईला वाटलं.

"काठी टाक, बिरू."

"आन् आमची हौसा?"

"उद्या दिस उगवायच्या आत गाडी जुंप. पुण्याला दवाखान्यात ने तिला." मग ती बाईकडे वळली. "गिळ गं तो घास."

पुण्यात हौसाला दवाखान्यात ठेवून घेतलं. कुशाबाई व्हरांड्यात बसून असायची. बिरू जनावरांसाठी गावी परतला होता. बांधून आणलेल्या भाकरी संपल्या. आजूबाजूला माणसं डबे सोडून जेवत होती, पण मागायला कुशाबाईची जीभ उचलेना. कुणी आपल्याकडे बघितलं की ती पदर सारखा करून जेवून बसल्यासारखं दाखवायची. तिवाट्यावरची बाई तेव्हा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आपण तिच्या तोंडातला घास अडवला, याची तिला लाज वाटली.

हौसाचा ताप उतरला. पोरगी बापाच्या खांद्यावर बसून घरी आली. त्याच दिवशी तिन्हीसांजेला गवराबाई तिला बघायला आली, तर चुलीपुढे पळसाचं पान मांडलेलं आणि त्यावर दोघांना पुरेल एवढा दहीभात.

"पोरगी तर बरी झाली. आता कुणावरनं उतरवतीस?"

"कुणावरनं न्हाई," कुशाबाई म्हणाली. "घरी बोलावून वाढणार होते. पर काकी, ती यायची न्हाई."

"न्हाई यायची," गवराबाई म्हणाली. "ठेव तिथंच. आन् मागं बघू नको."

कुशाबाईने मान हलवली. सवयीने तिने करंडा उघडला, चिमूटभर कुंकू घेतलं आणि हात भातावर नेला. म्हातारीने तिचं मनगट धरलं.

"ते नको टाकू," ती म्हणाली. "भाताला लागलं की लई कडू लागतं."