न्हाणीघरातली वीज

"या गल्लीत वेल्डिंग मी करतो," दुबेम म्हणाला. "मग तुझ्या न्हाणीघरात भर दुपारी ठिणग्या कोण पाडतंय?"

"काय बोलतोस?"

"झरोक्यातून लख्ख उजेड येतो राव. एकदा नाही, किती वेळा पाहिलाय. वहिनी फोटो काढून पाठवतात वाटतं. तुला येतात का?"

इकेना हसला. आपल्या सुट्या भागांच्या दुकानात परतल्यावर मात्र त्याने गिऱ्हाइकाला पंपाऐवजी क्लचची तबकडी काढून दिली.

संध्याकाळी त्याची बायको उझोमा अंगणात कापडाच्या घड्या घालत होती, तेव्हा त्याने सरळ न्हाणीघर गाठलं. साबणाच्या बादलीमागे, फडक्यात गुंडाळलेलं एक पांढरं यंत्र सापडलं. पिस्तुलासारखी मूठ, तोंडाला काच. खोक्यावर एक गोरी बाई तुळतुळीत पाय दाखवत हसत होती. प्रकाशाने केसांची मुळं जाळणारं यंत्र. घरच्या घरी वापरा.

तिचा कुणी यार असता तरी इकेना एवढा हादरला नसता.

उझोमाच्या हनुवटीवर काळेभोर कुरळे केस होते. लग्न जुळलं ते त्या केसांवरच. दाढीवाली बाई घरात आली की पैसा वाट विचारत मागोमाग येतो, हे न्नेवी गावात शेंबडं पोरही जाणतं. इकेनाच्या वडिलांनी सायकलवरून गाड्यांचे सुटे भाग विकत विकत दुमजली घर बांधलं ते त्याच्या आईच्या दाढीच्या जोरावर. उझोमा आली आणि इकेनाच्याही एका गाळ्याचे तीन गाळे झाले. आणि हल्ली धंदा बसला होता. म्हणजे हे कारण!

तो आईच्या खोलीत गेला. आई जेवत होती. पन्नाशी उलटली तरी डोक्यात एक पांढरा केस नाही, आणि रंग असा की अख्खा बाजार तिला 'गोरी' म्हणूनच ओळखायचा. तो रंग इकेनाला ओझरताही शिवला नव्हता. महिनाभर तिची दाढ ठणकत होती, म्हणून हनुवटीखालून डोक्यावर रुमाल बांधलेला असायचा.

त्याने यंत्र पुढे धरलं. आईचा हात ताटावरच थांबला.

"कुठे मिळालं?"

"न्हाणीघरात. तुझी सून माझं नशीब जाळतेय, आई. उद्याच तिला माहेरी पोचवतो. दाढी राखायचा तिच्या बापाने दिलेला शब्द मोडलाय तिने."

"असं काही करू नकोस," आई घाईने म्हणाली. "पोर चांगली आहे. यंत्र मला दे, मी फेकून देते. घरातली गोष्ट घरातच मिटव."

"पण का केलं असेल तिने?"

आईने बकऱ्याचं हाड दाताखाली कडकन फोडलं आणि गर चोखला.

"लोक बोलतात ना. दाढीवाली नवऱ्याला श्रीमंत करते आणि लवकर पुरतेही. तुझे वडील बघ, पन्नाशीही पाहिली नाही त्यांनी. माणूस घाबरतो रे. कुणाला गमवायचं नसेल, तर बाई केसांचं काय घेऊन बसेल?"

इकेनाला भरून आलं. सुनेची इतकी बाजू घेणारी सासू उभ्या बाजारात सापडली नसती. पण बायकोवरचा राग काही उतरेना. त्याने उझोमाला हाक मारली.

ती आली. यंत्र पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे माझं नाही."

"मग काय दुबेमचं?"

"माझी दाढी दिसत नाही तुला? आहे तशी आहे."

इकेनाने वाकून पाहिलं. केस होते. पण विरळ वाटले. संशयी डोळ्यांना तर विगही विरळ दिसतो.

"उद्या तू माहेरी जायचंस," तो म्हणाला.

उझोमाचे डोळे भरले, पण आवाज चढला. "जाईन. आधी ते सुरू कर आणि लाव मला. ओनिट्शाला बहिणीच्या पार्लरमध्ये असलंच एक धूळ खात पडलंय. आधी कातडी पाहतं, माझ्यासारख्या काळीवर पेटतच नाही. लाव हनुवटीला!"

हनुवटीला लावायची इकेनाची छाती होईना. खरंच पेटलं तर? पायाला लावावं, तर तिथेही केस, तेही भाग्याचेच. शेवटी त्याने तिचा दंड धरला, काच टेकवली आणि बटण दाबलं. लाल दिवा मिचमिचला. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

"मोडकं आहे," इकेना म्हणाला. त्याला एकदम हलकं वाटलं.

"हो ना, मोडकंच!" आई उठली. "द्या इकडे. मला गायनाच्या सरावाला जायचंय, वाटेत उकिरड्यावर टाकते."

फाटकाबाहेर हॉर्न वाजला. चर्चमध्ये गाणं शिकवणारे विधुर ओनवुका मास्तर हल्ली आईला रोज गाडीने न्यायचे.

"मोडकं नाही," उझोमा म्हणाली. "गोऱ्या कातडीवर लावून बघ."

"कशाला उगाच..." आईने हात मागे घेतला. पण इकेनाने हसत हसत तो धरला होता. मनगटावर काच टेकवून त्याने बटण दाबलं.

खोलीभर लख्ख वीज चमकली.

बाहेर हॉर्न पुन्हा वाजला, या खेपेला जरा लाडात. इकेना आईच्या रुमालाकडे पाहत राहिला.

"दाढ कशी आहे, आई?"

आईने एकदा फाटकाकडे पाहिलं, मग हळूच डोक्यावरची गाठ सोडली. वडिलांना दुमजली घर बांधून देणाऱ्या त्या हनुवटीवर औषधालाही केस उरला नव्हता.