उजवीकडचा अक्ष

तळ्याच्या पाण्याचं तापमान आणि क्षार एका आलेखात घातले की क्षारांचे आकडे फारच लहान असल्याने त्यांची रेघ तळाशी आडवी पडायची. अहवाल संध्याकाळी द्यायचा होता. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण या सॉफ्टवेअरमध्ये तरबेज, पण पंख्याच्या वेगावरून आमचा महिनाभर अबोला होता आणि आधी बोलणारी मी नव्हे. म्हणून टोपणनाव घेऊन मदतीच्या संकेतस्थळावर तळ्याच्या नावासकट आलेख टाकला. थोड्याच वेळात कुणा अनोळखी व्यक्तीचं उत्तर आलं: ‘क्षारांना उजवीकडे स्वतंत्र अक्ष द्या. कुठे क्लिक करायचं ते फोटोत दाखवलंय.’ तसं केलं आणि रेघ झोपेतून उठल्यासारखी वर आली. मग फोटो नीट पाहिला. स्क्रीनशेजारी तुटक्या कानाचा निळा कप दिसला. तोच शेजारच्या टेबलावरही होता. थर्मासमधला चहा मी त्यात ओतला. मान वर न करता ती म्हणाली, “नाव बदललंस, तळंही बदलायचं होतंस.”